शेतकऱ्याचें दप्तर : काय राखावें, काय टाकावें

पुढील पेरणीचें बियाणें आमचा शेतकरी जिवापाड जपतो. परंतु ज्या कागदांवर त्याचा जमिनीचा हक्क, मालाची किंमत व कर्जाची फेड अवलंबून असते, ते कागद मात्र तो आढ्याला खोंचून ठेवतो. प्रसंग पडतो तेव्हां निम्म्यांस वाळवी लागलेली असते व उरलेल्यांत हवा तो सांपडत नाहीं. उलट ज्यांच्याशीं त्याचा व्यवहार होतो त्या व्यापाऱ्यांचे, कारखान्यांचे व बँकांचे कागद तारीखवार लावलेले असतात. तंटा उभा राहिला म्हणजे ज्याचा कागद जागेवर, त्याचीच बाजू टिकते.

ही गोष्ट आजची नव्हे. सन १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें दंगा उसळला आणि तो पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षां त्यांच्या रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते हस्तगत करून जाळावे हाच मुख्य उद्देश होता. कारण उघड आहे. व्यवहार दोघांचा, पण कागद एकाच्याच पेटींत! पुढें १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधींच्या कायद्यानें दिलेल्या पैशाची लेखी पावती, दरसालचा खातेउतारा व हिशेबाचें पुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. त्यांतील मर्म आम्हांस आजही मोलाचें वाटतें. कागद जाळल्यानें अन्याय जळत नाहीं. आपल्याही हातीं कागद असला म्हणजेच त्यास आळा बसतो.

कागदाची काळजी त्याच्या जन्मापासून घ्यावी लागते. बाजार समितींत माल विकल्यावर हिशेबपट्टी घेतल्यावांचून गाडी हलवूं नये. तींत तारीख, वजन, भाव, हमाली-तोलाईची कपात व देणाऱ्याची सही आहे कीं नाहीं, हें तेथेंच पाहावें. कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला नुसता आंकडा हा पुरावा नव्हे. उसाचेंही तसेंच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस पोंचल्यापासून चौदा दिवसांत दर चुकता करावयाचा असतो, व विलंब झाल्यास सालीना शेंकडा पंधरा व्याज द्यावें लागतें. परंतु ऊस कोणत्या दिवशीं पोंचला, हें दाखविणारी वजनाची पावतीच हरवली तर व्याज कशाच्या बळावर मागावयाचें? शिवाय वजनकाट्यावरील पावती पुष्कळदां उष्णतेनें छापलेली असते. तिचीं अक्षरें कांहीं महिन्यांत उडून जातात. म्हणून तिची छायाप्रत त्याच आठवड्यांत काढून मूळ पावतीस जोडावी. बियाण्याची पावती, पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी व मूठभर बीं पीक घरांत येईपर्यंत राखावें. बीं उगवलें नाहीं तर तक्रारीस आधार एवढाच.

कर्जाच्या कागदांविषयीं एक इशारा देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. सोसायटीचें कर्ज घेतांना इकरार होतो व त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो. कर्ज फिटलें म्हणजे बोजा आपोआप उतरतो, अशी अनेकांची समजूत असते. ती घातक आहे. बेबाकीचा दाखला घ्यावा, तो तलाठ्याकडे द्यावा, फेरफार मंजूर होऊन बोजा कमी झालेला उतारा स्वतः पाहावा, आणि मगच तें प्रकरण पुरें झालें असें मानावें.

आतां टाकण्याचा प्रश्न. सर्वच राखणारा मनुष्य अखेर कांहींच राखीत नाहीं, कारण त्या ढिगांत कामाचा कागद बुडून जातो. म्हणून वर्गवारी करावी. मुदतीच्या कायद्याप्रमाणें विकलेल्या मालाच्या किंमतीचा किंवा साध्या उसनवारीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत आणावा लागतो. मात्र मध्यंतरीं लेखी कबुली किंवा अंशतः फेड झाली असेल तर मुदत पुन्हां नव्यानें सुरू होते. ग्राहक आयोगाकडील तक्रारीस दोन वर्षें, स्थावराच्या ताब्यास बारा, तर गहाण सोडविण्यास तीस वर्षांची मुदत आहे. तेव्हां विक्रीच्या व खरेदीच्या पावत्या हिशेब पुरा झाल्यावर चार वर्षें ठेवून नष्ट करण्यास हरकत नाहीं. कर्जाचे कागद बोजा उतरल्यानंतरही तितकाच काळ राखावे. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार व मोजणीचे नकाशे हे मात्र कधींच टाकूं नयेत. जुने दस्त पुष्कळदां मोडींत असतात. वाचतां येत नाहीं एवढ्यावरून एखादा कागद रद्दींत घालणें म्हणजे आजोबांचा शब्द कवडीमोलानें विकणें होय. तसेंच ज्या कागदावर सही, अंगठा, खातेक्रमांक किंवा आधारक्रमांक आहे, तो रद्दीवाल्यास न देतां फाडून जाळावा. तंटा चालू असेपर्यंत मात्र कोणत्याही कागदास हात लावूं नये.

आतां तर सारें संगणकांत असतें, असें कोणी म्हणतील. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, ही सोय आम्हांसही मान्य आहे. परंतु हिशेबपट्टी व वाटणीपत्र तेथें सांपडणार नाहीं. आणि संगणकावरील नोंदच चुकली तर दुरुस्तीच्या अर्जास जुना उताराच उपयोगी पडतो.

संस्थांचें कर्तव्य याहून मोठें आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांस हिशेबाचीं पुस्तकें आठ वर्षें राखण्याचें कायद्यानेंच बंधन आहे. सोसायट्यांत मात्र दप्तर सचिवाच्या घरीं राहतें, सचिव बदलला कीं अर्धें दप्तर नाहींसें होतें, व सभासदाची जुनी फेड सिद्ध होत नाहीं, असें अनेक ठिकाणीं घडतें. आमचें म्हणणें असें कीं, दप्तर संस्थेच्या कपाटांत असावें. सचिव बदलतांना यादीबरहुकूम ताबा द्यावा-घ्यावा. आणि लेखापरीक्षण झाल्याशिवाय, कायद्यानें घातलेली मुदत संपल्याशिवाय व समितीच्या ठरावाशिवाय एकही कागद नष्ट होऊं नये. नष्ट केलेल्या कागदांची यादी मात्र कायमची जपावी.

दिवाळींत व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतो. त्याच दिवशीं शेतकऱ्यानें आपलें दप्तर उन्हांत काढावें, वर्षाचे कागद वर्गवार बांधावे, मुदत सरलेले वेगळे करावे आणि बाकीचे पत्र्याच्या पेटींत ठेवून घरांतील एका तरी तरुण मुलास किंवा मुलीस त्यांची माहिती द्यावी. यास खर्च नाहीं. एक दुपार पुरे.