ओढल्या जाणाऱ्या गाडीला स्वतःचा ब्रेक कशाला? आर्माचे १८८९ चे उत्तर

१/ मोटारीमागे ट्रेलरवर होडी बांधून समुद्राकडे निघणाऱ्या अनेकांच्या मनात एक समजूत घट्ट रुजलेली असते: ट्रेलरचा ब्रेक गंजला तरी बिघडत नाही, मोटारीचा ब्रेक समर्थ आहे. या समजुतीचा निकाल १३० हून अधिक वर्षांपूर्वीच लागला आहे. तो रेल्वेच्या रुळांवर लागला आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली.

२/ १२ जून १८८९. आयर्लंडमधील आर्मा गावातून मेथडिस्ट संडे स्कूलची सहल समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघाली. १५ डबे, ९०० हून अधिक प्रवासी. वाटेत ७५ फुटांमागे १ फूट असा चढ. माथा जवळ आला असतानाच इंजिनाचा दम संपला.

३/ या गाडीला ब्रेक नव्हता असे मुळीच नाही. तिला व्हॅक्यूम ब्रेक होता; पण तो साधा, अस्वयंचलित. इंजिनाने नळीतील हवा खेचून घेतली तरच तो लागे. नळी सुटली की हवा आत शिरे आणि डब्यांचे ब्रेक सैल पडत. म्हणजे ज्या क्षणी त्याची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी तो नाहीसा होई.

४/ गाडी दोन भागांत नेण्याचे ठरले. पुढचे ५ डबे वेगळे केले गेले. मागच्या १० डब्यांना आधार उरला तो गार्डाच्या डब्यातील हातब्रेकचा आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, धक्का बसला आणि दगड निकामी ठरले. ते १० डबे उतारावरून वेगाने घसरत मागून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनेक मुले होती.

५/ उपाय ठाऊक नव्हता काय? जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी स्वयंचलित हवेचा ब्रेक १८७२ मध्येच सिद्ध केला होता. त्याचे तत्त्व नेमके उलटे: नळीतील दाब असेतो ब्रेक सुटलेला राहतो, नळी तुटून दाब गेला की प्रत्येक डबा स्वतःच्या टाकीतील हवेने आपला ब्रेक आपणच लावतो. १८७५ मध्ये इंग्लंडमधील नेवार्कजवळ निरनिराळ्या ब्रेकांच्या चाचण्याही झाल्या. तरीही अनेक रेल्वे कंपन्या खर्चाकडे बोट दाखवीत राहिल्या.

६/ आर्मानंतर तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांवर चालणारा आणि सलगता तुटताच आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. १७ वर्षे जे परवडत नव्हते, ते एकाएकी परवडू लागले.

७/ आजच्या ब्रेकयुक्त ट्रेलरमध्ये हेच तत्त्व आहे. मोटार मंदावली की ट्रेलर जोडावर रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक लागतात. जोड निसटलाच, तर मोटारीला अडकवलेली सुरक्षा-तार ताणली जाऊन ट्रेलरचा हातब्रेक ओढते. पण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला गंजून जाम झालेला ब्रेक असेल, तर तिने ओढायचे तरी काय? होडी उतरवताना ट्रेलरची चाके खाऱ्या पाण्यात बुडतात. म्हणून इतर ट्रेलरांपेक्षा याच्याच ड्रमांना आणि तारांना गंजाचा धोका अधिक.

८/ ‘आमची होडी हलकी आहे’ हा नेहमीचा आक्षेप. ब्रिटनमध्ये ओझ्यासह ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक ऐच्छिक आहे, हे खरे. पण त्या वजनात होडी, तिचे इंजिन, इंधन आणि खुद्द ट्रेलर, सारेच मोजावे लागते. शिवाय छोट्या ट्रेलरला ब्रेक बसवला असेल, तर तो चालू स्थितीत असलाच पाहिजे, असे तोच नियम सांगतो.

९/ गंजलेला ड्रम पाहून ‘पुढच्या हंगामात बघू’ म्हणणारा मालक १८८९ पूर्वीच्या कंपन्यांचाच हिशेब मांडत असतो. त्या हिशेबात उतारावर मागून येणारी दुसरी गाडी कधीच धरलेली नसते. आर्माच्या गाडीलाही ब्रेक होता. तो फक्त वेळेला लागला नाही.