कोलने फळ्यावर मांडलेला गुणाकार

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही २१ अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. फ्रेंच पाद्री मेर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ संख्या असल्याचे ठोकून दिले. १८७६ मध्ये एदुआर ल्युकाने ते खोडून काढले, पण एकही अवयव न शोधता!

अवयव हाती नसताना ती संयुक्त आहे हे कळतेच कसे, हा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारलाच गेला पाहिजे. गणिताचा खरा थरार तिथेच आहे.

अवयव सापडले १९०३ मध्ये. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल याने न्यूयॉर्कमधील एका सभेत चकार शब्द न काढता फळ्यावर गुणाकार मांडला, असे सांगतात: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. तो आंधळेपणाने शोधत नव्हता. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ ने भागल्यास बाकी १ च उरते, त्यामुळे बहुतेक उमेदवार आधीच बाद होतात. पहिला अवयव १३४ × १४४५५८० + १ एवढा आहे. मुलांनी हे कागदावर करून पाहावे.

गुणाकार सोपा, अवयव पाडणे महाकठीण. आरएसए ही सांकेतिकीकरणाची पद्धत याच विषमतेवर उभी आहे. तरीही शाळेत अवयव म्हणजे निव्वळ लसावि-मसावि, ही मोठी खंत आहे.