‘हे मी केलं’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुना शाप

तुर्कस्तानच्या पूर्वेला, व्हान सरोवराजवळ, एक कालवा आहे. लांबी 50 किलोमीटरच्या वर, वय साधारण 2,800 वर्षं, आणि त्यातून आजही पाणी वाहतं. लोक त्याला शमीरामचा कालवा म्हणतात. शमीराम म्हणजे दंतकथेतली असिरियन राणी सेमिरामिस. पण कालव्याच्या भिंतींवर ठिकठिकाणी कीलाक्षरांत कोरलंय की हा उरार्तूचा राजा मेनुआ याने बांधला. श्रेय बाईंना, घाम मेनुआचा!

उरार्तूच्या राजांना असल्या चोरीची धास्ती असावी. त्यांच्या कितीतरी लेखांच्या शेवटी शाप आहे: जो हा लेख फोडेल, जो ‘हे मी केलं’ म्हणेल, त्याचा खाल्दी आणि बाकीचे देव नायनाट करोत.

गंमत म्हणजे ही भाषा उघडली ती याच शापाने. फ्रीड्रिक शुल्झ या जर्मन माणसाने 1827 च्या सुमारास व्हानला जाऊन 42 लेखांच्या नकला केल्या. त्यातलं उरार्तू एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हतं. तेव्हा ते जगात कुणालाच येत नव्हतं. 1829 मध्ये त्या प्रदेशातच त्याचा खून झाला. नकला छापल्या गेल्या 1840 मध्ये. पुढे असिरियन कीललिपी सुटली, उरार्तूंनी तीच उसनी घेतली होती, म्हणून उच्चार कळले. अर्थ मात्र जवळजवळ शून्य. मग 1880 मध्ये स्तानिस्लास ग्युयारच्या लक्षात आलं की लेखांच्या शेवटी परत परत येणारा मजकूर असिरियन लेखांतल्या शापांसारखा आहे. तो धागा धरून सेसने 1882 मध्ये भाषांतरं छापली. केलिशिनच्या खिंडीत सापडलेल्या दगडावर तर एकच मजकूर असिरियन आणि उरार्तू अशा दोन्ही भाषांत आहे. त्याच्याशी ताडून अर्थ पक्के होत गेले, आणि कितीतरी शब्द अजूनही अडलेलेच आहेत.

यात कुठे ‘आमच्या पूर्वजांची भाषा’ कामी आली? आर्मेनियनच्या आधाराने हे लेख वाचायचा प्रयत्न मोर्टमानने 1870 च्या दशकात करून पाहिला, फसला. उरार्तूची जवळची नातलग एकच, हुर्रियन, आणि तीही मेलेली. येरेवानने 1968 मध्ये आपला 2750 वा वाढदिवस अर्गिश्ती राजाच्या शिलालेखावरून साजरा केला. खुशाल करावा, शहर तिथेच आहे. पण अर्गिश्तीला आर्मेनियन बोलायला लावू नये. खरं नातं जास्त चविष्ट आहे: आर्मेनियनमधला सफरचंदाचा शब्द, ‘ख्नझोर’, याच हुर्रियन-उरार्तू कुळातून आला असं मानतात. शेजाऱ्याकडून शब्द घेतला म्हणून शेजारी आपला आजोबा होत नाही.

हे इतकं लांबचं का सांगतोय? कारण आपल्या फोनवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी सिंधू लिपी ‘वाचतो’. कधी ती संस्कृत निघते, कधी तमिळ, कधी वाचणाऱ्याच्याच गावची बोली. सिंधू मुद्रांवर सरासरी पाचेक चिन्हं असतात. दुभाषी दगड एकही नाही. शेवटी येणारा शाप नाही, ओळखीच्या राजाचं नाव नाही. तरी व्हिडिओला लाखो व्ह्यूज, आणि शंका काढणारा देशद्रोही. शुल्झने न कळणारी रेघन्‌रेघ इमानदारीने उतरवली. यांना आधी निकाल हवा असतो, चिन्हं मागाहून वाकवता येतात.

पुढचा फॉरवर्ड आला की पाठवणाऱ्या काकांना एवढंच विचारा: याच नियमाने दुसरी एखादी मुद्रा, कुणाचीही, आत्ता वाचून दाखवता का?