ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातला न्याय

जुन्या व्हिडिओ गेमचं कौतुक करणाऱ्याला आपल्याकडे लगेच दोन शिक्के बसतात: स्वतः बालपणात रमणारा आणि दुसऱ्यांच्या पोरांचा अभ्यास बुडवणारा. नांदेड-लातूरसारख्या, शिकवणी वर्गांच्या फलकांखाली वाढणाऱ्या शहरांत दुसरा शिक्का जरा जास्तच जोरात बसतो. तो पत्करून मला 'कॅसलव्हेनिया'ची बाजू मांडायची आहे. 'कोनामी' या जपानी कंपनीनं २६ सप्टेंबर १९८६ रोजी हा खेळ बाजारात आणला. हातात चाबूक घेतलेला सायमन बेलमाँट, एक अंधारा किल्ला, अठरा स्टेज आणि शेवटी ड्रॅक्युला, एवढीच त्याची कथा. खेळ मात्र असा की भलेभले निम्म्या वाटेत गारद होतात. तरी लोक तो आजही खेळतात. का खेळतात, याची जी उत्तरं ऐकायला मिळतात ती मला पटत नाहीत.

पहिलं उत्तर स्मरणरंजनाचं: बालपणी खेळलेलं सगळं गोडच वाटतं, असं सांगतात. हा तर्क निदान मराठवाड्यात टिकत नाही. नव्वदच्या दशकात इथल्या घरांत जो 'टीव्ही गेम' आला, तो निन्टेंडोच्या यंत्राची स्वस्त नक्कल होता. '९९९९९९ इन १' अशी बढाई मारणाऱ्या कॅसेटमध्ये मोजकेच गेम पुन्हा पुन्हा यायचे. मारिओ आणि कॉन्ट्रा हे त्यांतले मानकरी. पार्लरमध्ये नाणी टाकून खेळायचा तो 'मुस्तफा'. आमच्या पिढीच्या आठवणी या खेळांना चिकटलेल्या आहेत. कॅसलव्हेनिया आमच्यातल्या अनेकांना मोठेपणी भेटला: कुणाला संगणकावर, कुणाला २०१९ साली निघालेल्या जुन्या भागांच्या संग्रहात, तर कुणाला २०१७ पासून नेटफ्लिक्सवर आलेल्या मालिकेमुळे. ज्या खेळाशी बालपण जोडलेलंच नाही, त्याच्या आठवणीनं गळा दाटून येणार कसा? आठवण वजा केली तरी ओढ उरते. तिचं कारण खेळातच शोधावं लागेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणतात, जुन्या खेळांचा अवघडपणा हे कौशल्य नव्हतं, पैसे उकळण्याची युक्ती होती. पार्लरमधल्या यंत्रांबाबत यात बरंच तथ्य आहे. खेळणारा जितक्या लवकर मरेल, तितकं लवकर दुसरं नाणं पडायचं. कॅपकॉमचा १९८५ चा 'घोस्ट्स एन गोब्लिन्स' तर शेवटपर्यंत पोचलेल्या खेळाडूला हा सगळा सैतानाचा भुलावा होता असं सांगून पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावतो. याला मीही छळच म्हणेन. पण कॅसलव्हेनिया घरच्या यंत्रासाठी बनला होता. त्यात नाण्याची फट नव्हती. उलट सगळ्या लाईफ संपल्यावर 'कंटिन्यू' कितीही वेळा घ्यायची मुभा होती. पैसे उकळायचे असते तर ही उदारता कशाला?

तिसरा आक्षेप परकेपणाचा. गॉथिक किल्ला, रक्तपिपासू उमराव, यात मराठी माणसाला काय रस? ड्रॅक्युला १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकानं लिहिला. जपानलाही तो परकाच होता. मराठी वाचकाला मात्र नारायण धारपांनी 'लुचाई'तून रक्तपिपासूंची ओळख कधीच करून दिली आहे. आणि किल्ल्याचं म्हणाल, तर कंधार, उदगीर, औसा इथले भुईकोट पाहिलेल्या पोराला खंदक, बुरूज आणि अंधारे जिने वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

आता माझं म्हणणं. हा खेळ टिकला, कारण तो कठोर असूनही न्यायी आहे. सायमन एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलू शकत नाही. चाबूक बटण दाबताक्षणी लागत नाही. आधी तो मागे जातो, मग पुढे सुटतो. फटका बसला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असेल तर संपलाच. हे नियम पहिल्या स्टेजपासून शेवटच्या स्टेजपर्यंत बदलत नाहीत. त्यामुळे उडी मारण्याआधी विचार करावा लागतो, आणि मेल्यावर आपण नेमके का मेलो ते कळतं.

मृत्यू नावाच्या बॉसआधीची बोळ याचा सर्वांत मोठा दाखला आहे. समोरून चिलखतवाले कुऱ्हाडी फेकतात आणि दोन्हीकडून मेदुसाची मुंडकी वरखाली लहरत येतात. तिथवर पोचेतो शत्रूचा एक फटका सोळा घरांच्या ताकदीतली चार घरं खातो, म्हणजे चार चुकांत खेळ खलास. पहिल्यांदा वाटतं, हे अशक्य आहे. मग मुंडक्यांची लय डोळ्यात बसते. जवळचं पवित्र पाणी इथंच कामाला येतं, हे उमगतं. बोळ तीच राहते, शहाणा होतो तो खेळणारा. त्यात किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांचं संगीत असं की हरल्यावरही पुन्हा सुरू करावंसं वाटतं. हे सगळं १२८ किलोबाइटमध्ये मावलेलं आहे. व्हॉट्सॲपवर येणारा एखादा सुप्रभाताचा फोटोही याहून जड असतो.

हीच कसोटी नव्या खेळांनीही उचलली. २०११ चा 'डार्क सोल्स' आणि २०२२ चा 'एल्डन रिंग' याच वाटेवरचे. 'एल्डन रिंग'च्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. खेळणाऱ्यांना सोपं तेवढंच हवं असतं, हा समज त्या आकड्यानं मोडीत काढला.

राहिला अभ्यासाचा मुद्दा. गेम खेळून नीटचे गुण वाढतात असला दावा मी करणार नाही, आणि रात्र जागून खेळणाऱ्या पोराची वकिलीही करणार नाही. पण त्याच पोराच्या दुसऱ्या रणांगणाकडे पाहा. ७२० गुणांचा पेपर, चुकीच्या उत्तराला उणे गुण, आणि एक दिवस बिघडला तर वर्ष गेलं. एवढं करून नियम सर्वांना सारखे असतील याची खात्री नाही. २०२४ मध्ये नीटमधल्या गैरप्रकारांच्या तपासासाठी नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाला लातूरला यावं लागलं. जिथं हरण्याची किंमत इतकी मोठी आणि हरण्याचं कारण इतकं धूसर, तिथं असा एक खेळ मुलांना भावला तर नवल नाही: कुणाची ओळख चालत नाही, चूक लगेच दिसते, आणि हरल्याची शिक्षा म्हणजे टप्प्याच्या सुरुवातीपासून पुन्हा चालणं.

तेव्हा पालकांनी वेळेची मर्यादा जरूर घालावी, पण हा खेळ पोरकट म्हणून हिणवू नये. पोराच्या शेजारी बसून एकदा ती बोळ स्वतः ओलांडायचा प्रयत्न करावा, आणि मगच निवाडा द्यावा.