खुर्चीत कोण बसले आहे?

यान तेच, कर्मचारी तेच, फक्त कॅप्टन बदलला तर मालिका बदलते का? ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेपुरते बोलायचे तर, चांगलीच बदलते.

तिचा पहिला नमुना भाग एनबीसी वाहिनीने नाकारला होता. त्यातला कॅप्टन पाइक जबाबदारीने थकलेला, नोकरी सोडण्याच्या विचारात असलेला. दुसऱ्या नमुन्यात विल्यम शॅटनरचा कॅप्टन कर्क आला. धडाडीचा, थट्टेखोर, प्रसंगी हातघाईवर येणारा. १९६६ साली मालिका सुरू झाली ती साहसकथा म्हणूनच!

१९८७ च्या ‘नेक्स्ट जनरेशन’मधला पिकार्ड मात्र अर्ल ग्रे चहा पिणारा, पुराणवस्तूंत रमणारा. शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या पॅट्रिक स्टुअर्टने तो साकारला. संकट आले की आधी अधिकाऱ्यांची बैठक. ऐकायला कंटाळवाणे वाटेल, पण प्रेक्षक खिळून राहतो, कारण प्रश्न ‘जिंकणार कोण’ एवढाच नसून ‘योग्य काय’ हाही असतो.

याच मालिकेच्या ‘चेन ऑफ कमांड’ या १९९२ च्या दोन भागांत पिकार्डच्या जागी जेलिको येतो. आल्या आल्या तो तीनऐवजी चार पाळ्या लावायला सांगतो. कॅप्टनच्या खोलीतले मासे हलवतो. समुपदेशक ट्रॉयला गणवेश घालायला लावतो. उपप्रमुख रायकरशी खटके उडतात आणि अखेर त्याला पदावरून दूर केले जाते. हसतेखेळते यान बघता बघता कडक साहेबाचे ऑफिस होते. गंमत म्हणजे जेलिकोचा डाव यशस्वीच होतो. मात्र त्यासाठी त्याला रायकरच्याच दारी जावे लागते. नावडता माणूस बरोबर निघाला, हे दाखवायला लेखकाकडे धीर लागतो.

‘डीप स्पेस नाइन’चा (१९९३) सिस्को विधुर, मुलाला वाढवणारा, तिथे घर आणि युद्ध शेजारी नांदतात. १९९५ ची ‘व्हॉयेजर’ची जेनवे ही या मालिकांतली पहिली मध्यवर्ती स्त्री-कॅप्टन. घर ७०,००० प्रकाशवर्षे दूर! केट मलग्रूने काम झकास केले, पण लेखकांनी तिला कधी आई केले, कधी हट्टी सेनानी, आणि मालिकाही तशीच हेलकावत राहिली.

नाकारलेला पाइकही परतला, २०२२ च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये. या वेळी तो स्वतः स्वयंपाक करून सहकाऱ्यांना जेवायला बोलावतो.