हरित आश्वासने आणि वैद्यवर्गाचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. वायू, जल, देश आणि काल या चार भावांच्या विकृतीने जनपदोद्ध्वंस होतो, हे सर्वांच्या स्मरणात असते. त्याच अध्यायातील पुढील विवेचनाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही. या विकृतीचे मूळ अधर्मात आहे, आणि देश, नगर, निगम व जनपद यांचे प्रमुखच धर्माचे उल्लंघन करू लागले की तो अधर्म प्रजेपर्यंत पसरतो, असे भगवान आत्रेय तेथे सांगतात. नगराचा कारभार आणि नगराचे आरोग्य यांचा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही. त्यामुळे महापालिका निवडणुकीतील पर्यावरणविषयक आश्वासनांचा विचार या पानांवर अस्थानी ठरू नये.

नाशिक महापालिकेच्या १२२ जागांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्याआधीची निवडणूक २०१७ मध्ये झाली होती आणि मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकांच्या हाती होता. या लोकप्रतिनिधीविरहित काळाच्या अखेरीस, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सिंहस्थातील साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे १,८०० झाडांचा प्रश्न पुढे आला. नागरिकांनी हरकती घेतल्या, आंदोलने झाली आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने वृक्षतोडीस अंतरिम स्थगिती दिली. साहजिकच प्रचारात झाडे हा विषय आला.

सिंहस्थ हा नाशिकचा मानबिंदू आहे आणि साधुग्रामास जागा लागणारच. त्याविषयी वाद नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. तपोवनातील झाडे कोणत्या जातीची व किती वयाची, त्यांतील जुने वृक्ष किती आणि अलीकडची झाडे-झुडुपे किती, यावरच दोन्ही बाजूंचा मोठा मतभेद होता. ज्या प्रश्नाचे उत्तर महापालिकेच्या दप्तरात तयार असावयास हवे, त्यावर रस्त्यावर वाद घालावा लागला.

कायद्याने ही सोय पूर्वीच करून ठेवली आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांच्या वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. वृक्षांची ठरावीक मुदतीने गणना करणे हे त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्य होय. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या वृक्षाचे जितके वय तितकी झाडे लावण्याची तरतूद झाली. जात आणि वय यांची विश्वसनीय नोंदच नसेल, तर या तरतुदीचा आधार कोणता?

दुसरी तरतूद तर आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापणे आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे बंधनकारक केले. २००४ च्या नियमांत तर स्थानिक वैद्यांची माहिती ठेवण्याचे कामही या समितीकडे सोपविले होते. याच कायद्याने वैद्यवर्गास वनस्पतींच्या वापराबाबत काही सवलती दिल्या आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या अधिक स्पष्ट केल्या. सवलत आपण घेतो. नोंदवहीच्या कामात आपला सहभाग किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

निवडणुकीतील हरित आश्वासन बहुधा संख्येच्या भाषेत येते. इतकी हजार रोपे लावू, एका झाडाच्या बदल्यात दहा लावू, असे सांगितले जाते. सामान्य मतदारास त्याने समाधान वाटेल. द्रव्यगुण शिकलेल्यास वाटू नये. अर्जुनाची साल रोपापासून मिळत नाही, प्रौढ वृक्षापासून मिळते. बृहत्पंचमुळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला आणि गंभारी यांची मुळे वापरावयाची असल्याने मागणी वाढली की झाडच जाते. म्हणून मुळांऐवजी खोडाची साल वापरावी काय, अशी चर्चा आपल्या क्षेत्रात चालू असते. 'अशोक' या नावाने उद्यानांत जो उंच, सरळसोट वृक्ष लावला जातो, तो आपला अशोक नव्हे, आणि त्याच्या सालीची भेसळ औषधी निर्मात्यांना चांगलीच परिचित आहे. उद्या एखाद्या प्रभागात हजार 'अशोक' लावले गेले, तर आकडा पूर्ण होईल आणि अशोकारिष्टासाठी त्याचा कवडीचाही उपयोग होणार नाही.

शहरातील झाडे औषधांसाठी वापरली जात नाहीत, कच्चा माल रानातून व बाजारातून येतो, मग आपणास याचे काय, असा आक्षेप येऊ शकतो. तो अंशतः खरा आहे. धूर आणि सांडपाणी यांनी दूषित भूमीतील द्रव्य औषधार्थ घेऊ नये, हे कल्पस्थानातील भूमिपरीक्षेच्या विचाराशी सुसंगतच आहे. परंतु शहरातील जुना वृक्ष दोन कामे करतो. विद्यार्थ्याला द्रव्याची प्रत्यक्ष ओळख तेथे होते आणि रोपवाटिकेला बीजही तेथूनच मिळू शकते. ज्या गावात खरा अशोक पाहावयास मिळत नाही, त्या गावातील विद्यार्थी पुढे औषधालयात आलेल्या सालीचा खरेखोटेपणा कसा ओळखणार?

संघटनेने राजकारणापासून दूर राहावे, हा दुसरा आक्षेप. तोही आदरणीय आहे. यासाठी कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याची आवश्यकता नाही. सर्व नगरसेवकांना, आणि पुढील प्रत्येक निवडणुकीत सर्व उमेदवारांना, एकच पत्र पाठवावे. जातिनिहाय वृक्षगणना जनतेसाठी खुली करण्याचा आग्रह आपण धराल काय? जैवविविधता समितीच्या बैठका नियमित घडवून तिच्यात वनस्पती ओळखणाऱ्या वैद्यास स्थान द्याल काय? भरपाईच्या लागवडीत कोणत्या देशी जाती लावल्या आणि पाच वर्षांनी त्यांतील किती जगल्या, याचा हिशेब मागाल काय? गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याविषयी सभागृहात प्रश्न विचाराल काय? आलेली उत्तरे जशीच्या तशी या त्रैमासिकात छापावीत. उत्तर न आल्यास तसे छापावे.

प्रश्न विचारणाऱ्याने काही देण्याचीही तयारी ठेवावी. महिन्यातील एक सकाळ आपापल्या प्रभागातील वृक्ष ओळखून नोंदविण्यास देणे आपणास अशक्य नाही. औषधी निर्मात्यांनी बीज व रोपे पुरविण्याचा भार उचलावा. कांपिल्यात गंगातीरी अग्निवेशाला आत्रेयांनी दिलेला आदेश हाच होता, की भूमी विरस होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेव. आपल्या काळात गोळा करण्याआधी नोंदवावे आणि राखावे लागेल. ते काम करून घेण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, ते आता सभागृहात बसलेले आहेत. त्यांना आपले पत्र या तिमाहीतच जावे, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना व औषधालयांच्या चालकांना विनंती आहे.