तुमचा मल्टिप्लायर किती?

मंडळी, गेल्या रविवारी मला माझी किंमत कळली. ७२ लाख. राउंड फिगर.

झालं असं, की माझा एक कॉलेजातला मित्र हल्ली इन्शुरन्स विकतो. मास कॉमला असताना हा जागतिक सिनेमावर तासन् तास बोलायचा, आता टर्म प्लॅनवर बोलतो. (माणूस बदलत नाही, फक्त विषय बदलतो.) तो सकाळी सकाळी ठाण्याला आमच्या घरी लॅपटॉप घेऊन हजर. योगायोगाने माझा मावसभाऊही हिंजवडीहून वीकेंडला आलेला. आईने पोहे टाकले, बाबा पेपरच्या आड, आणि डायनिंग टेबलवर आमचं 'ह्यूमन लाइफ व्हॅल्यू' काढायचं काम सुरू झालं.

हो, असाच शब्द आहे तो. एचएलव्ही! त्यात तुमचं वय टाकायचं, उत्पन्न टाकायचं, की खाली आकडा येतो. मित्राचा सोपा फंडा म्हणजे आमच्या वयाला उत्पन्नाच्या वीसपट. मावसभावाचं पॅकेज १५ लाख, म्हणून तो ३ कोटींचा. माझ्या रिटर्नमध्ये ३ लाख ६० हजार. प्रोफेशनच्या ड्रॉपडाउनमध्ये 'फ्रीलान्स जर्नालिस्ट' नव्हतंच, तेव्हा मी 'अदर्स'. आणि ७२ लाख.

"म्हणजे मी तुझ्या चारपट," भाऊ पोहे खाता खाता म्हणाला.

"चारपटीहून जरा जास्तच," मित्राने प्रामाणिकपणे दुरुस्ती केली.

आम्ही हसलो. मग आईने किचनमधून विचारलं, "आणि माझं रे?" मित्र गडबडला. "काकू, हाउसवाइफचं म्हणजे… काकांच्या कव्हरवर अवलंबून असतं." आई काही बोलली नाही. फक्त त्याला चहा जरा उशिरा मिळाला.

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी हात थांबवून म्हणाल्या, "साहेब, माझं पण बघा की किती निघतंय."

मावशी पाच घरं करतात. आमच्याकडे बारा वर्षं आहेत. मित्राने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, इन्कम प्रूफ लागतं हो. सॅलरी स्लिप, रिटर्न, काहीतरी…"

"म्हणजे शून्य का?" मावशी हसल्या आणि बादली उचलून आत गेल्या. त्यांच्या हसण्यात टोमणा नव्हता. त्यांना हे गणित आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. कोर्टात चार वर्षं त्यांनी ते समोर बसून पाहिलंय.

मावशींचे मिस्टर रंगारी होते. २०१९ मध्ये रात्री कामावरून परतताना त्यांना टेम्पोने उडवलं. वय ३८. मागे मावशी, दोन मुलं आणि सासूबाई. रीतसर क्लेम लागला, २०२३ मध्ये निकालही लागला. त्या निकालाचे कागद रविवारी दुपारी मी पहिल्यांदा नीट वाचले.

तुम्हाला वाटत असेल, की अपघातात माणूस गेला तर भरपाई किती हे न्यायाधीश मनाने ठरवत असतील. छे! त्याला कोष्टक आहे. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात ते पक्कं केलं. वय १५ ते २५ असेल तर मल्टिप्लायर १८. २६ ते ३० ला १७. तिथून उतरत उतरत पासष्टीच्या पुढे ५. (तुमचा आमचा १७ किंवा १६. जपा.) मृताचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्यातून तो स्वतःवर करत असलेला खर्च वजा करायचा, उरलेल्याला मल्टिप्लायरने गुणायचं. अविवाहित असाल तर थेट निम्मं वजा, कारण बॅचलर मंडळी स्वतःवर जास्त उडवतात असं कोर्टाचं मत. आपल्याला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, खरंच आहे ते. शिवाय पुढे पगार वाढला असता, त्याची भर. प्रणय सेठी खटल्यात २०१७ मध्ये त्याचेही टक्के ठरले. चाळिशीच्या आतल्या पर्मनंट नोकरीवाल्याला ५० टक्के, स्वतःचा धंदा असलेल्याला ४०.

मावशी सांगतात, मिस्टर महिन्याला पंधरा हजार आणायचे. पण पुरावा? एक खिशातली डायरी. कुठल्या सोसायटीत, कुठला फ्लॅट, किती खोल्या, कुठल्या शेडचा नंबर, किती मिळाले, किती बाकी. कोर्टाला ती पुरेशी वाटली नाही. अंदाजाने महिना नऊ हजार धरले.

आता करा गुणाकार. नऊ हजारांवर ४० टक्के, झाले १२,६००. चार जण अवलंबून, म्हणून एक चतुर्थांश वजा, उरले ९,४५०. गुणिले बारा, गुणिले पंधरा. १७ लाख १ हजार. वर अंत्यविधी वगैरेचे थोडेफार. हेच महिना पंधरा हजार धरले असते तर २८ लाख ३५ हजार झाले असते. फरक ११ लाख ३४ हजारांचा. तो माणूस तोच, टेम्पो तोच, मुलंही तीच. कमी होता तो एक कागद.

मित्र म्हणाला, "तू उगाच इमोशनल होतेयस. ही जिवाची किंमत नाहीच. माणूस गेल्यावर घराचं जे उत्पन्न बुडतं, त्याची भरपाई आहे." त्याचं म्हणणं चूक नाही. ३ कोटींच्या माणसाच्या मागे होम लोन असतं, मुलांच्या फिया असतात, तो गेला तर खड्डा मोठाच पडतो. पण मग आई? आई गेली तर आमच्या घरात उत्पन्न बुडत नाही, फक्त घर बुडतं. कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. १९८९ मध्ये जमशेदपूरला पोलाद कंपनीच्या कार्यक्रमात आग लागून बायका-मुलं गेली. त्या लता वाधवा खटल्याच्या २००१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाचे महिन्याला ३,००० रुपये धरले. आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत गृहिणी कुणाच्या रांगेत होत्या माहितीये? भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या. 'अनुत्पादक'! २०१० मध्ये एका निकालात सुप्रीम कोर्टानेच यावर जाहीर नाराजी नोंदवली. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कैद्याला निदान वेळेवर जेवायला मिळतं."

असो. विषय फक्त कोर्टाचा असता तर मी हा कॉलम लिहिला नसता.

माझी पहिली नोकरी एका न्यूज चॅनेलच्या डेस्कवर. रात्री स्ट्रिंगरचा फोन यायचा, "मॅडम, बॉडी मिळालीये." आम्ही पहिला प्रश्न काय विचारायचो? कसा मेला, कोण होता, नाही. "प्रोफाइल काय?" हा आमचा प्रश्न. झोपडपट्टीतला असेल, मजूर असेल, तर "लो प्रोफाइल आहे, ड्रॉप कर." टॉवरमधला असेल तर ओबी व्हॅन निघायची. मला हे शिकायला आठवडाही लागला नाही. आणि पटायलाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी पाचवीत होते. त्या तीन दिवसांतलं टीव्हीवरचं डोळ्यासमोर काय आहे, तर ताजचा घुमट आणि धूर. तुमच्याही तेच असेल. त्या हल्ल्यात १६६ जण गेले, त्यातले ५८ सीएसटीवर. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत सामानावर बसलेली माणसं. सीएसटी कॅमेऱ्यांपासून लांब होतं का? नाही. ते सगळं तासा-दीड तासात संपलं आणि ताज तीन दिवस चाललं, हे कारण आहेच. पण तेवढंच कारण आहे असं मला डेस्कवर बसल्यानंतर वाटेनासं झालं.

गंमत म्हणजे, ज्या रेल्वेला आपण रोज शिव्या घालतो, तिच्या नियमात मात्र सगळे सारखे. ट्रेनमधून पडून प्रवासी गेला तर ८ लाख, २०१७ पासून. आधी ४ होते. फर्स्ट क्लासचा पासवाला असो की सेकंडच्या दारात लटकलेला, आकडा एकच. मल्टिप्लायर नाही, पॅकेज नाही. (रूळ ओलांडताना गेला तर मात्र काही नाही, कारण तो प्रवासी नव्हे, घुसखोर.) पण समान म्हणजे पुरेसं का? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही गेली. तिसऱ्या दिवशी, १२ जूनला अहमदाबादला विमान कोसळलं. २६० जण गेले. त्या कंपनीच्या मालक समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला १ कोटी जाहीर केले, जमिनीवर गेलेल्यांनाही. चांगलंच केलं. पण मुंब्रा त्या दिवशी दुपारीच बातम्यांतून उतरलं. २६० पुढे मूठभर माणसं म्हटल्यावर ते होणारच, हे मान्य. पण मुंबईच्या लोकलवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रोज पाच-सहा, सहा-सात अशी सुट्टी सुट्टी. सुट्ट्यांची बातमी होत नाही.

याच प्रश्नाशी एका अमेरिकन वकिलाने जन्मभर झटापट केलीये. केनेथ फाइनबर्ग. ९/११ नंतर तिथल्या सरकारी फंडातून कुणाला किती द्यायचे, हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. कायदाच असा, की गेलेल्याचं बुडालेलं उत्पन्न मोजा. त्यामुळे कुणाच्या घरी अडीच लाख डॉलर, कुणाच्या घरी सत्तर लाखांहून जास्त. त्याच इमारतीत, त्याच सकाळी. हे सगळं केल्यावर तोच माणूस म्हणाला, की सगळ्यांना सारखं द्यायला हवं. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारानंतरचा फंड त्याच्या हातात आला, तेव्हा त्याने प्रत्येक मृताच्या घरी सारखीच रक्कम दिली.

मला विचाराल तर सारखी रक्कम हाही पूर्ण न्याय नाही. मल्टिप्लायरवर माझा राग नाही, राग त्याच्या आधीच्या आकड्यावर आहे. आणि तो आकडा कोर्टाच्या कितीतरी आधी ठरतो. कुठे, ते सांगायचं टाळत इथवर आलेय.

२०१९ मध्ये मावशी आमच्या सोसायटीत घरोघरी फिरल्या होत्या. मिस्टरांनी तिथले बरेच फ्लॅट रंगवलेले. "एवढे पैसे दिले होते, एवढं लिहून द्या, वकील म्हणालेत." पैसे सगळ्यांनीच रोख दिलेले. आमच्याकडे आल्या तेव्हा बाबा म्हणाले, "कोर्टाच्या भानगडीत कशाला पडायचं?" बाबा वाईट नाहीत हो. त्यांनी मावशींना त्या महिन्यात दोन हजार जास्त दिले. आणि मी? मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला, कानात हेडफोन, सोफ्यावर. मला ऐकू आलं होतं. एकाही घराने लिहून दिलं नाही.

रविवारी निघताना मित्राने बिचाऱ्याने प्रयत्न केला. "मावशी, एक सरकारी योजना आहे. वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचा विमा. इन्कम प्रूफ नको."

"ती काढलीये साहेब, बँकेतल्या मॅडमनी करून दिली," मावशी म्हणाल्या. "तुमची आहे का?"

त्याची नव्हती.

मी मावशींना डायरीबद्दल विचारलं. हायकोर्टात अपील टाकलंय, म्हणून मूळ डायरी वकिलांकडे आहे, पण झेरॉक्स घरी आहेत. सोमवारी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन आल्या. आमचं घर अकराव्या पानावर सापडलं. हॉल, दोन बेडरूम, किचनला ऑइलपेंट, शेडचा नंबर, २२,००० मिळाले.

बाबांनी चष्मा लावला, पान जवळ घेतलं.

"बावीस नाही," ते म्हणाले. "साडेबावीस दिले होते मी."